बॅटरीचं गोडं पाणी

परत? परत पहिल्यापासून? — पोरी, मनेआबात, गावच्या सभाघरात, सगळ्या म्हाताऱ्यांच्या पुढ्यात मांडी घालून सांगून झालं, नर्सला सांगून झालं, तुमच्या सोलरच्या ऑफिसला रेडिओवरून सांगून झालं, त्यात अर्धा वेळ नुसती खरखर — आणि आता तू राजधानीतून, तारावाहून, जहाजानं येतेस, माझ्याच चटईवर बसतेस, मांडीवर कागद ठेवतेस आणि म्हणतेस, काका, नक्की काय झालं ते सांगा. काय व्हायचंय? बॅटरी मेली. ती बघ, कोपऱ्यात पडलीय. लिही — कौतूची बॅटरी मेली, नवी द्या. संपलं. मला काय हौस आहे का घसा सुकवायची, आणि तेही आज, भरतीचं पाणी उतरायला लागलंय, जहाजाची होडी शेवटची फेरी मारणार आणि मग प्रवाळाच्या कड्यावर गुडघाभरसुद्धा पाणी राहायचं नाही. म्हणून म्हणतो, लवकर आटप. आणि ते झाकण — ते झाकण आत्ताच उघडू नकोस. उघड गं, पण नंतर. आधी ऐक.

बाहेर धक्क्यावर गाठोडं घेऊन कोण बसलंय बघितलंस ना येताना? निळं लुगडं, पायाला फडकं बांधलेलं — हां, तीच, आमची ही. तिच्या मांडीवर जो डबा आहे ना, ओल्या कापडात गुंडाळलेला, त्यात चार महिन्यांचं इन्सुलिन आहे, तुमच्याच जहाजानं आलेलं. चार महिन्यांचं. थंडाव्यात राहिलं तर चार महिने, आणि या आमच्या उकाड्यात ठेवलं तर नर्स म्हणते महिनाभर, फार तर. पुढचं जहाज चार महिन्यांनी. आता तूच कर वजाबाकी, तू शिकलेली आहेस. दवाखान्याचा फ्रीज म्हणशील तर तो दोन वर्षं आडवा पडलाय, त्यात नर्सची कोंबडी अंडी घालते. म्हणून तर त्याच नर्सनं वर लिहून लिहून आमच्या घरी हा छोटा फ्रीज आणवला, सोलरवरचा, दोन जादा पॅनेलं लावून. आणि आता कप्तान म्हणतो, बाईला घेऊन जातो, तारावाच्या मोठ्या इस्पितळात ठेवतील. ठेवतील. इथून साखरेचे किती गेले तिकडे, मोजू? पास्तरची बहीण गेली, तिचा आधी अंगठा कापला, मग पाऊल कापलं, मग पेटी आली. माडी काढणारा तो उंच तेबाउ गेला, त्याची तर पेटी पण आली नाही, तिकडेच पुरला, परक्यांच्या जमिनीत. आणि ही गाठोडं बांधून बसलीय. मी बांधू नको म्हटलं तरी बांधलं. म्हणून बॅटरी पाहिजे. आज पाहिजे. कळलं आता?

मला नको शिकवूस. नऊ वर्षं मी हे सांभाळलंय, तुझ्या आधीचा माणूस यायचा तो सगळ्या गावाला माझं घर दाखवायला आणायचा, म्हणायचा, बघा, कौतूकडून शिका, दोन इयत्ता शिकलेला माणूस पण याची बॅटरी बघा, वरनं जेवायला बसावं इतकी स्वच्छ. लोकांना वाटतं ऊन पडलं की दिवा लागतो. कशाचा लागतो. वरची काच दिवसभर ऊन पिते, ते वायरीनं खाली उतरतं, भिंतीवरच्या त्या पेटीत येतं, पेटी बसलीय राखणीला — बॅटरीचं पोट भरलं की वरनं येणारं बंद करते, बॅटरी फार रिकामी झाली की लाल दिवा लावून खालचं सगळं बंद करते, म्हणजे बिचारी उपाशी मरू नये. आणि लोक काय करतात? लाल दिवा लागला की पेटीला बगल देऊन थेट बॅटरीलाच वायर जोडतात, नाचगाण्याचा कार्यक्रम अर्धा राहायला नको म्हणून. मग सहा महिन्यांत बॅटरी गेली की तुमच्या नावानं शंख. मी असलं कधी केलं नाही. लाल दिवा लागला की मी अंधारात बसायचो. तिच्या फ्रीजला कमी पडू नये म्हणून घरात एकच दिवा, तोसुद्धा जेवणापुरता. काच दर रविवारी प्रार्थनेआधी पुसायची, मिठाचा पापुद्रा बसतो ना वाऱ्यानं. तारांची टोकं खरवडून त्यांना चरबी लावायची. दुपार कलली की अंगणातल्या फणसाची — आपल्या ब्रेडफ्रूटच्या झाडाची — सावली काचेच्या कोपऱ्यावर यायची, एवढीशी, हाताच्या पंजाएवढी, पण तेवढ्यानं सगळी काच आळसावते. मी झाडच तोडलं. हो, फळतं झाड. तिच्या आईनं लावलेलं. आठ दिवस बोलली नाही माझ्याशी. आता तुझ्याच फ्रीजसाठी तोडलं ना, मग? विचारलं नव्हतं, ते खरं — पण ते वेगळं, ते तू लिहू नकोस.

मग मेली कशानं म्हणतेस. कशानं म्हणजे — वय झालं. नऊ वर्षं म्हणजे बॅटरीचं म्हातारपणच. आणि खारा वारा. आणि सात महिने तुमच्यापैकी कोणी फिरकलं नाही, ते पण लिही की. ऊन पण यंदा फार होतं, ऊन जास्त झालं की — काय करतेस? थांब, थांब म्हटलं ना. ती काचेची नळी आत घाल आधी पिशवीत. मला माहितीय ती नळी काय सांगते, बॅटरीच्या तेजाबात किती दम उरलाय ते, त्यातला तो तरंगता मणी एकदा बुडाला की तू माझ्याकडे ज्या नजरेनं बघणार आहेस ना, ती मला बघायची नाही. सहाच्या सहा तोंडांत बुडेल तो. आणि झाकणाच्या आतल्या बाजूला पांढरं फुटलंय ते पण दिसेल तुला. मीठ आहे ते. मी ओतलं. लिही, लिही बिनधास्त. विहिरीचं पाणी ओतलं. दोनदा उकळलं, तिच्या जुन्या लुगड्याच्या चार पदरांतनं गाळलं, रात्रभर निवळत ठेवलं — मला वाटलं गाळलं की जातं. चाखून पण बघितलं होतं, जरा खारट लागलं, पण त्या दिवसांत सगळंच खारट लागायचं, स्वतःची थुंकीसुद्धा, तर मला वाटलं माझीच जीभ. नाही, नाही वाटलं. खरं सांगू? कळलं होतं. पण शिशाच्या प्लेटा उघड्या पडल्या होत्या, बोटभर वर आल्या होत्या पाण्याच्या, आणि तुमचाच माणूस सांगून गेलेला, प्लेट कधी कोरडी पडू द्यायची नाही, कोरडी पडली की मेली. मग काय करू? बघत बसू? पिणाऱ्याला पाणी पाजलं मी, एवढंच.

बॅटरीचं पाणी, ते वाफेचं, शुद्ध, पिता येईल असं — हो, होतं ना. असायलाच पाहिजे. दोन बाटल्या, सीलबंद, तुमच्या ऑफिसनं दिलेल्या, त्या तिथं आढ्याला पिशवीत टांगलेल्या. त्याचं काय झालं ते मनेआबात सांगितलंय मी, तिथल्या कुणालाही — बरं, बरं. सांगतो. दुष्काळ होता. तारावाला तुमच्याकडे नळाला येत असेल थोडंफार, इथं दक्षिणेच्या बेटांवर आठ महिने थेंब नव्हता. टाक्या खडखडीत. विहिरींत समुद्र शिरला, बबाईच्या, आपल्या अळकुड्यांच्या, खड्ड्यांत पानं पिवळी पडली, नारळ इतके आटले की फोडला तर आत नुसती मलई चिकटलेली, पाणी नाही. तेव्हा बाउरो आला. माझा मेहुणा, हिचा सख्खा धाकटा भाऊ, तो पलीकडे लाल दाराचं घर आहे ना, तो. दारात आला आणि उभा न राहता खालीच बसला, तेव्हाच मला कळलं हा काहीतरी मागायला आलाय. म्हणाला, दाजी, मुलीचं बाळ अकरा दिवसांचं आहे, तिला दूध नाही, डब्यातलं दूध आहे पण कालवायला गोडं पाणी नाही, विहिरीच्या पाण्यानं दिलं तर ते हगतंय आणि आक्रसतंय. आणि म्हणाला, मी तुझ्याकडे बुबुती करतो. बस. आता तू आमचीच आहेस, तुला काय समजावू. नातलगानं बुबुती म्हटलं की संपलं, होडी मागितली तर होडी, डुक्कर मागितलं तर डुक्कर, नाही म्हणणारा माणूस मनेआबात परत कुठल्या खांबाला पाठ टेकणार? त्यात बाळ. मी उठलो, दोन्ही बाटल्या काढल्या, दिल्या. एक ठेवली असती तरी चाललं असतं. पण एक ठेवून देणं म्हणजे देणं नाही. दोन्ही दिल्या. बाळ जगलं. जाड झालंय आता, काल इथंच अंगणात वाळू खात होतं.

तर असं झालं, आता झालं ना तुझ्या मनासारखं? मग आता ऐक. जहाजावर एक बॅटरी आहे. नाही कसं म्हणतेस, मी स्वतः बघितली ना, सामान उतरवताना, लाकडी खोक्यात, वर तुमच्या ऑफिसचा शिक्का. ती दे. नियम मला नको सांगूस, नियम मला पाठ आहे, मालकाच्या चुकीनं गेली तर दुसरी नाही. मग चूक माझी लिहू नकोस. वाऱ्याची लिही. वारा काय येऊन भांडणार आहे का तुझ्याशी? — काय? पुढच्या बेटावरच्या दवाखान्याची? बाळंतिणींच्या खोलीची. असेल. मग त्यांना पुढच्या जहाजानं दे, चार महिने कंदील लावतील, आमच्या आया कंदिलावरच बाळंत झाल्या. तू कुणाची म्हणालीस? आई आबाइआंग बेटाची ना? आबाइआंगच्या उत्तरेची असशील तर तिकडं माझ्या आजोबांची बहीण दिली होती, म्हणजे कुठेतरी लागतो आपण एकमेकांना, नक्की लागतो. थांब, पेन खाली ठेव. मी तुझ्याकडे — अकेता पोरी, मी म्हातारा माणूस, मी तुझ्याकडे बुबुती करतो. त्या बॅटरीची.

नको, नको, रडू नकोस. उठ. कळलं. तुझी नाही ती, तू देऊ शकत नाहीस, जे आपलं नाही ते मागणं म्हणजे मी तुला चोर हो म्हणतोय. कळतं मला. चुकलो. मी आयुष्यात परक्याकडे कधी बुबुती केली नव्हती, बघ काय दिवस आलेत. पाणी पी. माडी पी थोडी, ताजी आहे, आज सकाळी झाडावर स्वतः चढलोय.

काय बघतेस तिकडे? लाल दार बघतेस. हो, त्याच्या छपरावर पॅनेल आहे. हो, चालते त्याची बॅटरी. माझ्यासारखीच आहे, एकाच महिन्यात दिल्या होत्या तुम्ही, एकाच होडीनं आल्या, मीच तर त्याला बसवून दिली. तिच्यावर तो प्रार्थनेच्या गाण्यांचा कर्णा वाजवतो, दुसरं काय. लागेल की माझ्या फ्रीजला, न लागायला काय झालं, तारा बदलायला पाऊण तास. — आता हे विचारू नकोस. विचारू नकोस म्हणतो ना. त्याच्याकडे का मागत नाही? मी मागितली तर तो ना म्हणेल असं वाटतं तुला? दोन महिने तो रोज दारात बसतो, इकडे तोंड करून. मी कधी मागतो याची वाट बघतो. आपण होऊन आणून दिली तर माझा अपमान, म्हणून बसून राहतो नुसता, पाना पण शेजारी ठेवतो, दिसावा असा. गाढव.

म्हणजे तो वाईट नाही, मी तसं म्हणत नाही. आधी म्हणत होतो. कारण त्याच्या घरी होत्या. बाटल्या. बॅटरीच्या पाण्याच्या तीन, भरलेल्या, त्याच्या खाटेखाली, ज्या दिवशी तो माझ्या दारात खाली बसला त्याच दिवशी. हे मला तीन महिन्यांनी कळलं, त्यानंच सांगितलं, बाटल्या घेऊन आला, काळवंडलेलं तोंड करून, पण तोवर मी विहिरीचं ओतून बसलो होतो. मी त्याच्यावर माडी काढायचा सुरा उगारला, गाव मध्ये पडलं. मग मनेआबात त्यानं चटई अंथरली, गुडघे टेकले, सगळ्यांच्या देखत बोलला. म्हणाला, दाजी, मी माझ्यातलंच काढत होतो बाळासाठी, हात घातलाच होता खाटेखाली, पण ताई तिथं होती, ताई म्हणाली —

काही नाही. काही नाही म्हणाली. लिहितेस काय? आता हे कुठे बसतं तुझ्या कागदात?

ताई म्हणाली, तुझ्या राहू दे, दाजींकडच्या माग, ते नाही म्हणायचे नाहीत. असं म्हणाली. आमची ही. तिला माहीत होतं आमच्याकडे दोनच आहेत. तिला माहीत होतं बॅटरी कशावर चालते, नऊ वर्षं माझ्या शेजारी बसून तिनं बघितलंय, झाकणं तीच धरायची. आणि बाउरोनं विचारलं, मग तुझं औषध? तर म्हणाली, किती वर्षं टोचून घेऊ अजून, त्या थंड पेटीपायी माझ्या अंगणातली सावली गेली. हे सगळं त्या गाढवानं मनेआबात सांगितलं, शंभर माणसांत, आणि मी तिथं खांबाला टेकून बसलेलो. घरी आलो. ती मासे खारवत होती. आज दोन महिने झाले, मीठ कुठंय, जाळं कुठंय, याच्यापलीकडे एक शब्द नाही. म्हणजे बघ, मी इथं उकळतोय, गाळतोय, प्लेटा जगवतोय, आणि जिच्यासाठी, तिनं आधीच ठरवून टाकलेलं. मला न विचारता. एकटीनं. जसं काही तिचा पाय फक्त तिचा आहे. बेचाळीस वर्षं झाली गं. तो पाय मी धुतो रोज, दोन महिने न बोलता धुतोय, तो ती पुढे करते आणि तिकडे बघते.

झाडाचं काढू नकोस म्हटलं ना मघाशी. माहितीय मला. मी पण विचारलं नव्हतं. माहितीय.

म्हणून मागत नव्हतो, आता कळलं? मी मागायचं, बाउरोनं द्यायची, झालं, त्याचं मी दिलं होतं, माझं त्यानं दिलं, सगळे सारखे, फ्रीज चालू, गाव म्हणणार मिटलं. आणि मग तिला काही बोलायची गरजच उरत नाही. मासे खारवत राहील आणि मरून जाईल. मला वाटलं, फ्रीज बंद राहिला तर एक दिवस तरी तोंड उघडेल, म्हणेल, चुकलं माझं, मला जगायचंय, जा, घेऊन ये. एवढंच ऐकायचं होतं. तर तिनं काय केलं? गाठोडं बांधलं.

भोंगा वाजला? — जहाजाचाच. एकदा वाजला ना? दोनदा वाजला की होडी सुटते. उठ. उठ लवकर, पाना आहे ना तुझ्या पिशवीत, आणि त्या जाड तारा, माझ्या गंजल्यात त्या चालायच्या नाहीत. नको, माझी ही मेलेली बॅटरी इथंच राहू दे, पुढच्या जहाजानं ने, तिच्यातलं शिसं काय ते करतात तारावाला. तू लाल दाराकडे चल, मी मागतो, तू फक्त शेजारी उभी राहा, माझ्याच्यानं एकट्यानं तोंड उघडायचं नाही, आणि मी शब्द गिळला तर मला कोपरानं ढोस. बुबुती म्हणतो. एकदाच म्हणतो. मग मी ती खांद्यावर घेऊन आधी धक्क्यावर जातो, तिच्या पुढ्यात वाळूत ठेवतो, म्हणजे बघेल तरी. कप्तानाला हात कर तोवर, ओरड की बाई येत नाही. येत नाही. तिनं काही म्हटलं तरी येत नाही.

आणि बाउरोशी नीट बोल, त्याला टोमणा मारू नकोस माझ्या वतीनं. त्यानं माफी मागितलीय, चटई अंथरून, त्याचं काही राहिलं नाही माझ्याकडे. मग कुणाचं राहिलंय? किती विचारतेस गं तू, या पोरी शिकल्या की नुसतं विचारतात. माझ्या बायकोचं राहिलंय. आणि ते ऐकल्याशिवाय तिला मी कुठल्याही होडीत बसू देणार नाही, मरू पण देणार नाही. लिहायचं तर लिही, तिचं नाव लिही. नेई तेराओई.